डेल हॉलो हिवाळा लॉग, सीझन तिसरा : 21 इंची स्मॉलमाउथच्या मागे

नमस्कार मंडळी, डिसेंबरपासून लॉग टाकायचा राहूनच गेला होता, आज बोट धुवून झाकून ठेवली आणि म्हटलं सगळ्या ट्रिपा आठवतायत तोवर एकदाच बसून लिहून काढू. लांब आहे, पण हिवाळ्यात फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून बास मासा (स्मॉलमाउथ हा त्याचाच एक प्रकार) पकडायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना यातलं बरंच कामाला येईल.

नवीन लोकांसाठी पटकन. मी नॅशव्हिलला असतो आणि थंडीत जमेल त्या शनिवारी पहाटे चारला निघून डेल हॉलोला जातो. हा टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरचा जलाशय, ओबे नदीवर सेलिना गावाजवळ धरण बांधलं, 1943 ला ते पूर्ण झालं आणि विलो ग्रोव्ह नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. आपल्याकडे कोयनेला, उजनीला गेली तशीच. पाणी एकदम नितळ, काठाला उभे कडे, आणि कड्याला लागूनच पन्नास साठ फूट खोली. स्मॉलमाउथ बासचा जागतिक विक्रम इथलाच आहे, डेव्हिड हेज यांनी 9 जुलै 1955 ला पकडलेला 11 पौंड 15 औंसांचा मासा, म्हणजे आपले साधारण पाच किलो चारशे ग्रॅम. मध्ये 1996 ला वजनात गडबड झाल्याच्या एका जुन्या जबानीवरून तो विक्रम काढून टाकला होता, नंतर चौकशी होऊन परत मान्य झाला. मला विचाराल तर तो मासा खरा होता, माझा पूर्ण विश्वास आहे.

इथला नियमही सांगतो कारण माझं टार्गेट त्यावरूनच ठरलं. 16 ते 21 इंचांमधला स्मॉलमाउथ ठेवता येत नाही, दिवसाला दोनच, एक 16 च्या खालचा आणि एक 21 च्या वरचा. मी तर सगळेच सोडतो. पण 21 ची रेघ मोठ्या माशाची खूण म्हणून डोक्यात बसली ती बसलीच. मागच्या दोन सीझनला माझा सगळ्यात मोठा होता साडेएकोणीस.

तर या वर्षी.

डिसेंबरचा पहिला शनिवार, पाणी 54 फॅरनहाइट. फ्लोट काढलाच नाही, 50 च्या वर पाणी असलं की माझा तरी त्यात वेळ वाया जातो. ब्लेड बेट घेतलं, म्हणजे तो चपटा धातूचा पत्रा जो ओढला की थरथरतो, पॉइंटच्या, म्हणजे पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या, टोकावर पंचवीस ते पस्तीस फुटांत तळाला टेकवायचं, वितभर उचलायचं, ताण ठेवून खाली जाऊ द्यायचं. तीन मासे, मोठा 17. ठीक.

डिसेंबरच्या शेवटी पाणी 48 वर आलं आणि खरं काम सुरू झालं. फ्लोट अँड फ्लाय ही पद्धत पूर्व टेनेसीची, तिकडे वाटौगा, साउथ होल्स्टनसारख्या डोंगरी जलाशयांवर ती रुळली आणि मग सगळीकडे पसरली. एक सोळांश औंसाची बारीक जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ, तिच्यावर बदकाची पिसं नाहीतर क्राफ्ट हेअर (कृत्रिम केस) बांधलेलं, हीच ती फ्लाय, वर घट्ट बसवलेला फ्लोट आणि मधे आठ ते चौदा फूट लीडर, म्हणजे बारीक दोरा. रॉड नऊ दहा फुटी लागतो कारण एवढा लांब लीडर साध्या रॉडने फेकताच येत नाही, मागे लोंबकळू द्यायचा, थांबायचं आणि मग एकाच संथ झोक्यात पुढे. माझ्याकडे साडेनऊ फुटी आहे, रीलवर 10 पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, तीन तोंडी स्विव्हलला (फिरत्या कडीला) फ्लोट अडकवलेला आणि खाली 6 पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर.

माझे आजोबा सांगलीत कृष्णेच्या काठी मोरपिसाच्या देठाचा फ्लोट करून बांबूच्या काठीने बसायचे, गळाला गांडूळ, आणि मी बाजूला. देठ नुसता हलला तर हात लावू द्यायचे नाहीत. ते इथे फार आठवतात.

त्या दिवशी लीडर नऊ फुटांवर ठेवला होता आणि तीन तास काही म्हणजे काही नाही. आणि इथेच मी दोन वर्षं काय चुकत होतो ते कळलं. सोनारच्या (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर शॅडचे, म्हणजे बास खातो त्या छोट्या माशांचे, ढग अठरा ते पंचवीस फुटांत, खाली तळ साठवर, आणि मोठे मासे, जे पडद्यावर कमानीसारखे दिसतात, त्या ढगाच्या वरच्या अंगाला, बारा चौदा फुटांवर तसेच लटकलेले. दोन सीझन मी थंडी म्हणजे तळ असं धरून चाललो होतो, हिवाळ्यात मासा तळाला बसतो हे इतक्यांदा ऐकलंय की सोनार समोर दाखवत असून बघितलंच नाही. हे मासे तळाला नव्हतेच, कड्यालगत मधल्या पाण्यात होते. लीडर बारा फूट केला, चौथ्या पाचव्या कास्टला (फेकीला) फ्लोट आडवा झाला.

आडवा झाला, बुडाला नाही, हे लक्षात ठेवा. मासा खालून येऊन फ्लाय तोंडात घेतो आणि जरा वर उचलतो, मग फ्लोटवरचं वजन जातं आणि तो कलंडतो. बुडायची वाट बघत बसलात तर तोवर त्याने थुंकून टाकलेलं असतं. आणि हिसका द्यायचा नाही, आधी ढील गोळा करायची आणि लांब रॉड बाजूला सावकाश ओढत न्यायचा, 6 पौंडी लाइनला तेवढंच झेपतं. त्या दिवशी पाच मासे, मोठा 18 आणि थोडा वर.

जानेवारीत कडाक्याची लाट आली, पाणी 43, म्हणजे सहा सेल्सिअस. रॉडच्या गाइडमध्ये (लाइन जाते त्या कड्यांमध्ये) बर्फ धरायला लागला, दर दोन कास्टला टोक पाण्यात बुडवून वितळवायचं. नंतर घरून स्वयंपाकाचा तेलाचा स्प्रे नेला, गाइडवर मारला की अर्धा तास तरी निभतं. माझ्यासोबत ऑफिसातला नागपूरचा मित्र होता, त्याची पहिलीच ट्रिप, तो म्हणाला, "भाऊ, एवढ्या थंडीत मला खाऊ वाटत नाही, मासा काय खाईल?" प्रश्न बरोबरच आहे. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, पचन मंद, त्यामुळे तो पाठलाग करत नाही, पण नाकासमोर आलेलं फुकटचं सोडत नाही. आणि फुकटचं असतं कारण थ्रेडफिन शॅडला ही थंडी सोसत नाही, पाणी चाळिशीच्या पहिल्या आकड्यांत आलं की त्या बधिर होतात, कडेला थरथरत तरंगतात, मरतात. वर सीगल घिरट्या घालत असले की समजायचं. ती पिसांची फ्लाय म्हणजे नेमकी अशीच मरायला टेकलेली शॅड, म्हणून ती जितकी कमी हलेल तितकं चांगलं.

पण अजिबात हललीच नाही तरीही चालत नाही, हे त्याच दिवशी शिकलो. सकाळी ऊन, वारा नाही, पाणी आरशासारखं, अकरापर्यंत शून्य. मग ढग आले, नैऋत्येचा वारा सुटला, पाण्यावर बोटभर लाट, आणि दीड तासात सात मासे. ती लाट फ्लोटला हलकेच वरखाली करते आणि बारा फूट खाली फ्लाय श्वास घेतल्यासारखी हलते, हे मनगटाने कितीही नाजूक केलं तरी जमत नाही. आता मी अंदाजात ढग आणि हलका वारा बघूनच जातो.

मित्राला 16 चा लागला, हात एवढे थरथरत होते त्याचे की फोटो सगळे हललेले आले. तोच आता रॉड कुठला घेऊ विचारतोय.

जानेवारीच्या शेवटी एक मोठा गेला, तोही सांगायलाच हवा. फ्लोट कलंडला, ओढला, जडपणा लागला, दोनदा खोल डोकं मारलं त्याने आणि मग एकदम हलकं. लाइन ओढून बघितली तर टोकाला सुरळीसारखी वळलेली, म्हणजे गाठ सुटली होती, तुटली नव्हती. सकाळपासून मी तीच गाठ वापरत होतो. जिगच्या कडीवर गाठ मधोमध असली तरच फ्लाय आडवी लटकते, शॅडसारखी, गाठ पुढे सरकली की ती उभी होते, म्हणून मी दर कास्टला नखाने गाठ मागे सरकवत होतो आणि त्यानेच ती सैल झाली. आता दर माशानंतर आणि तासाने एकदा नवीन गाठ, थंडीत बोटं चालत नसली तरी. तो मासा बघायलाही मिळाला नाही याचं वाईट अजून जात नाही.

आणि मग फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. पाणी 44, सकाळपासून भुरभुर पाऊस, वुल्फ नदीच्या फाट्यावरचा एक कडा जिथे खडक पाण्यात उभा उतरतो आणि बाजूला दगडांची घसरण आहे. लीडर तेरा फूट, पांढरी करडी फ्लाय. साडेनऊच्या सुमाराला फ्लोट आधी थोडा कड्याकडे सरकला, वाऱ्याच्या उलट, आणि मग सावकाश खाली गेला, कोणी बोटाने दाबल्यासारखा. मासा वर आलाच नाही, बोटीखाली गेला, ड्रॅग सुटत होता, म्हणजे रील ताणाने लाइन सोडत होता, मी रॉड पाण्यात घालून बोटीच्या पुढून फिरवला. तेरा फूट लीडरची अडचण शेवटी येते, फ्लोट रॉडच्या टोकाला येऊन अडकतो आणि मासा अजून तेरा फूट लांब असतो, पुढे गुंडाळताच येत नाही. मी एकटा होतो. रॉड डोक्यावरून मागे नेत एका हाताने लांब दांड्याचं जाळं पुढे केलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा डोकं आत गेलं.

मोजपट्टीवर सव्वाएकवीस. दोनदा मोजला. वजन 5 पौंड 6 औंस. कांस्य रंग, कुशीवर उभे गडद पट्टे, लालसर डोळा, आणि पोट असं भरलेलं की घशाशी शॅडची शेपटी दिसत होती. बर्फाळ हवेत मासा जास्त वेळ बाहेर धरायचा नाही, कल्ल्यांना इजा होते, म्हणून जाळं पाण्यातच ठेवलं, हात ओले करून एक फोटो आणि सोडला. तो हातातून लगेच गेला नाही, दोन तीन श्वास तसाच थांबला आणि मग सरळ खाली. मी मग बराच वेळ कास्टच केला नाही, पावसात बसून राहिलो. आजोबा असते तर फोन केला असता.

एकटं जाणाऱ्यांना कळकळीने एक सांगणं आहे. 44 च्या पाण्यात पडलात तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, पोहता येणं फार कामाला येत नाही. लाइफ जॅकेट अंगात, इंजिनची किल स्विच (आपण पडलो की इंजिन बंद करणारी दोरी) अंगाला अडकवलेली, आणि घरी कुठल्या रॅम्पवरून बोट उतरवतोय, किती वाजता परत, हे सांगूनच निघायचं. बायको दुपारी दोनला फोन करते, उचलला नाही तर काय करायचं ते तिला लिहून दिलंय.

परवाच्या ट्रिपला पाणी 51 झालं होतं, फ्लोटवर एकही नाही, पॉइंटवर ब्लेड बेटला दोन. म्हणजे या सीझनचा फ्लोट संपला. एकूण 11 ट्रिपा, 38 मासे, त्यातले 26 फ्लोटवर, आणि एक 21 च्या वर. क्राफ्ट हेअर पांढरं संपलंय, उन्हाळ्यात पन्नास फ्लाय बांधून ठेवायच्यात, या वेळी थोड्या ऑलिव्ह रंगाच्याही, कारण स्वच्छ उन्हाच्या दिवसाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कोणी आरशासारख्या पाण्यात फ्लाय चालवली असेल तर लीडर किती ठेवला होता ते नक्की लिहा.