हे कसलं शाशून?

समोरच्या आजी दारात, माझ्या हातात खिचडीची वाटी. उपास आहे म्हटलं, तर वाटीकडे बघत म्हणाल्या, "हे शाशून?" आणि हसल्या. एवढंच. दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय.

राग कसला आला? घरी सगळे "एकादशी, दुप्पट खाशी" म्हणून चिडवायचे, तेव्हा मीही हसायचेच की. इथे स्पेनमध्ये, सांतियागोला आल्यापासून संकष्टी तेवढी धरून ठेवलीय, बाकीचं... जाऊ दे. तीही कुणी हसण्यावारी न्यावी?

शब्द माझ्या ओळखीचा. रक्त तपासायचं असेल तर इथे 'एन शाशून', म्हणजे उपाशीपोटी, यायला सांगतात. इथल्या गॅलिसियन भाषेतलं शाशून, पोर्तुगीज जेजुम, स्पॅनिश आयुनो, सगळी लॅटिन 'येयुनुस'ची पिलावळ. अर्थ उपाशी, रिकामा. लहान आतड्याच्या मधल्या भागाला डॉक्टर जेजुनम म्हणतात तेही त्यातलंच, कारण जुन्या वैद्यांना प्रेतात ते रिकामं सापडायचं. यांचा शब्द थेट पोटात डोकावतो. मग माझी तूप सोडलेली खिचडी नापासच.

आपला उपवास म्हणजे जवळ बसणं, देवाजवळ. आजींना हे सांगणार होते. पण 'जवळ' म्हटल्यावर आई, आत्या, दाणे सोलत चाललेल्या त्यांच्या गप्पा... ओठावर आलेलं तसंच राहिलं.

आणि हसायला आजी तरी कुठे उपाशी असतात? चर्चचा नियम 18 ते 59 वयाला. त्यातही दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंथोडं चालतं. आजी कधीच सुटल्या! पळवाटा दोन्हीकडे आहेत. आमच्या सोवळ्या खिचडीतही साबुदाण्याचा कंद, बटाटा, दाणे, मिरची, सगळं मूळचं अमेरिकेचं, जहाजातून आलेलं. तूप तेवढं घरचं. हसा आजी, हसा.

जुलैत इथे सूर्यच दहाला मावळतो, चंद्रोदय बाराच्या घरात. भूक लागलीय. आजींनी ठेवलेली पिशवी आत्ता उघडली तर इथल्या पाद्रोन गावच्या मिरच्या. उपासाला हिरवी मिरची चालते, ढोबळी नाही; ही मधलीच कुठलीतरी. आईला फोन लावला. म्हणाली, तिखट असेल तर चालेल.

पाद्रोनची एखादीच तिखट निघते. कुठली, ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.