जेवणाच्या सुट्टीनंतर साफ निघणारा माल

साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात मी क्वालिटी बघतो, तिथे एलईडी दिव्यांची दुधाळ कव्हरं बनतात, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची, त्याचा दाणा वितळवून साच्यात दाबून. जुलैत गिऱ्हाइकाकडून टेम्पोभर माल परत आला. बसवताना कव्हरांचे लग, म्हणजे अडकवायचे कान, तुटत होते. इकडे मशीनवरही रिजेक्शन चढलेलं. कव्हरांवर चंदेरी रेघा यायच्या, कारागीर त्याला 'चांदी' म्हणतात.

शेठना रिजेक्शनची फारशी धास्ती नव्हती. "दळा आणि परत वापरा. दाणा घरातच राहतोय, नुकसान कुठंय?" ग्राइंडर दिवसभर घरघरत असायचा आणि हिशोबाच्या वहीत त्याची एक ओळही नसायची.

चांदी येते ती दाण्यातल्या ओलाव्याने, हे मोल्डिंगवाल्या पोरालाही ठाऊक असतं. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली आणावा लागतो. ड्रायरचा काटा बरोबर १२० दाखवत होता. सुपरवायझर म्हणाला, "पावसाळा आहे साहेब, दरवर्षीचंच." पण गेल्या पावसाळ्यात कुणाचा टेम्पो परत आला नव्हता.

आमच्या रिजेक्शनच्या कागदावर फक्त दिवसाची बेरीज असते. त्यातून कशाचाही पत्ता लागत नाही. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या मावशींना विचारलं, चांदी कधी जास्त येते?

"सकाळी नसते हो. साडेअकरा वाजले की सुरू होते. मग जेवणाची सुट्टी झाली की थोडा वेळ परत साफ. नंतर संध्याकाळपर्यंत आहेच."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून अर्ध्या-अर्ध्या तासाने रेघा मारत बसलो. मावशींचं घड्याळ चोख निघालं. पावसाने चांदी येत असती तर ती जेवणाची सुट्टी पाळती ना!

मग खडू घेऊन ड्रायरच्या अंगावरच हिशोब मांडला. हॉपर, म्हणजे दाणा सुकतो तो ड्रायरचा डबा, ५० किलोचा. एका शॉटला, म्हणजे साचा एकदा भरायला, २०० ग्रॅम दाणा. पूर्वी सायकल, म्हणजे एका शॉटचा वेळ, ४५ सेकंदांची होती, म्हणजे तासाला ८० शॉट, १६ किलो. दाण्याला हॉपरमध्ये तीन तासांच्या वर मिळायचे, कसंबसं भागायचं. मार्चमध्ये सायकल ३६ सेकंदांवर आणली. तासाला १०० शॉट, २० किलो. आता दाणा अडीच तासांतच खाली. वॉचमन पहाटे पाचला ड्रायर लावतो, त्यामुळे नऊला मशीन सुरू होताना हॉपरमधला माल खडखडीत सुकलेला असतो. तो संपतो साडेअकराला. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबतं, दाणा अर्धा तास जास्त भाजला जातो, म्हणून सुरुवातीचे चार-दोन शॉट फेकले की पुढचा माल थोडा वेळ बरा निघतो. सायकल कमी केल्याबद्दल शेठनी सुपरवायझरला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती, हेही सांगायला हवं.

तुटणाऱ्या लगांचं मूळही इथेच होतं. ओला पॉलिकार्बोनेट मशीनच्या गरम नळीत, बॅरलमध्ये, वितळला की पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. चांदी ही नुसती दिसण्यातली खोड नाही, तो माल आतून कमजोर झालेला असतो. तोच दळून आम्ही पुन्हा ताज्या दाण्यात मिसळत होतो. एकदा तुटलेली साखळी नंतर कितीही सुकवा, जुळत नाही.

संध्याकाळी शेठसमोर बसलो. ट्रेनिंगमध्ये खराब मालाच्या खर्चाची चार खाती शिकवतात: खराबी टाळण्याचा खर्च, तपासणीचा, कारखान्यात सापडलेल्या खराबीचा आणि गिऱ्हाइकाकडे गेलेल्या खराबीचा. शेठपुढे ती नावं काढली असती तर त्यांनी चहा मागवून विषय संपवला असता. क्वालिटीचे गुरू जोसेफ जुरान सांगायचे की कारागिराची भाषा वस्तूंची आणि वरच्या साहेबाची पैशाची. मी पैशाचीच धरली. दुपारच्या तासांत शंभरातले १५ शॉट ग्राइंडरला जात होते.

"शेठ, सायकल कमी करून तासाला २० शॉट वाढवले. त्यातले १५ आपण दळतोय."

त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. १५ शॉट गुणिले ३६ सेकंद, तासाला ९ मिनिटं मशीन भंगार काढतंय. त्यावर दोनदा सुकवायची आणि दळायची वीज, मावशींचे निवडण्याचे तास, टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं, बदली माल. एकेक आकडा ते स्वतःच मांडत गेले, मी फक्त पुढची ओळ सांगत होतो. खराब माल काढण्यात आणि निस्तरण्यात खपणाऱ्या कामाला क्वालिटीचेच दुसरे तज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम लपलेला कारखाना म्हणत, तो आमच्याच गाळ्यात होता आणि त्याचं लाईटबिलही आम्हीच भरत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सायकल ४५ सेकंदांवर. ॲक्रिलिकसाठी घेतलेला ट्रे ओव्हन धूळ खात पडला होता, त्यात दाणा आधी सुकवून गरम-गरमच हॉपरमध्ये ओतायला लागलो. चांदीचा माल या कव्हरांत परत मिसळायचा नाही, तो भंगारवाल्याला. रिजेक्शनच्या कागदावर वेळेचा रकाना आला, तो मावशी भरतात.

१०० किलोच्या हॉपरला शेठनी होकार दिला. पण गरम हवेचा ड्रायर शेवटी मुंबईची दमट हवाच तापवून आत सोडतो. ती हवा आधी कोरडी करणारा ड्रायर घ्या म्हटलं, तर "दिवाळीनंतर बघू". हरकत नाही. शेजारच्या मशीनवर नायलॉन चालतं आणि ते पॉलिकार्बोनेटपेक्षाही जास्त पाणी ओढतं. तिथल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा सध्या मारतोय.