लोणच्यावरची बुरशी आणि सोळा बाटल्या

गेल्या जूनमध्ये धिरड्यांवर घालायला घरच्या मेपल सिरपची बाटली काढली. झाकण फिरवलं तर वर पांढुरकी साय. खरंच साय वाटली आधी. चमच्याने ढोसली तेव्हा ती अख्खी चकती सरकली, खालून राखाडी निघाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो. मागच्या अंगणात शुगर मेपलची चार झाडं आहेत, सिरप त्यांच्याच रसाचं. मार्चमध्ये रात्री पाणी गोठतं आणि दुपारी वितळतं, त्या दिवसांत खोडाला भोक पाडून नळी ठोकली की बादलीत रस टपकू लागतो. रस म्हणायचं आपलं, दिसायला निव्वळ पाणी, साखर जेमतेम २ टक्के. ४० लिटर आटवावं तेव्हा १ लिटर सिरप हाती लागतं. पहिल्याच वर्षी विटांच्या चुलीवर, बर्फात उभं राहून, डोळ्यांत धूर घेत मी चार लिटर केलं होतं. पाव लिटरच्या सोळा बाटल्या. त्यातल्या सात बुरशीने खाल्ल्या. दोन उघडताना ‘फस्स’ झालं आणि दुपारपर्यंत राहिलेल्या नीरेसारखा वास आला.

कोल्हापूरकडे मामाचं गुऱ्हाळ होतं. त्याला फोन केला.

“काकवी कच्ची उतरवलीस, दुसरं काय?”

“मामा, थर्मामीटर लावला होता. १०४ झाल्यावरच उतरवलं.”

“त्या काडीला काय कळतंय? आमचा गुळव्या पाण्यात टाकून बोटानं बघायचा.”

राग आला, पण रात्री तीच काडी उकळत्या पाण्यात बुडवली. १०१! म्हणजे मी १०४ समजत होते ते १०३ होतं. तसा १०४ हा आकडाही कामाचा नाही. त्या दिवशी, त्या जागी पाणी जिथे उकळतं त्याच्यावर चार अंश, असं धरायचं. उंचीवर आणि हवेच्या दाबावर ते बदलतं. उरलेल्या चांगल्या बाटलीत हायड्रोमीटर, म्हणजे दाटपणा मोजायची तरंगती नळी, सोडला (हा आधी घ्यायला हवा होता) तर ६१ ब्रिक्स, म्हणजे वजनात ६१ टक्के साखर. हवे होते निदान ६६. पाच टक्क्यांनी काय होतंय, असं वाटतं ना? मधात पाणी इतकं कमी की बुरशीला तिथे प्यायलाच मिळत नाही. सिरपमध्ये नीट आटवूनही तिसरा हिस्सा पाणीच असतं. ते मुळातच काठावर उभं असतं, आणि मी त्याला ढकललं.

दुसरी चूक बाटल्या भरतानाची. सिरपमध्ये खनिजांची बारीक वाळू बसते, ती काढायला लोकरीच्या जाड कापडातून गाळावं लागतं आणि ते काम गोगलगाईच्या चालीने होतं. तोवर सिरप कोमट झालं. तसंच भरलं, वर दोन बोटं जागा सोडून. भरताना ते ८२ ते ८५ अंश गरम हवं, झाकण लावून बाटली लगेच आडवी करायची, म्हणजे झाकणही आतून भाजून निघतं. माझ्या बाटल्यांत मोकळ्या जागेत वाफ धरली आणि तिचे थेंब परत वरच्या थरावर पडले. आधीच पातळ, त्यात तो थर आणखी पातळ. बुरशीने तिथेच संसार थाटला.

शेजारचे आजोबा म्हणाले, “वरचं काढ, उकळ, गाळ, खा. आमची आई तेच करायची.” लोणच्यावरची बुरशी बाजूला सारून खाणाऱ्या घरात मी वाढले, तेव्हा मोह झालाच. पण बुरशी उकळून मरते, तिने सोडलेलं विष जाईलच असं नाही. नऊच्या नऊ बाटल्या ओतून दिल्या. एकेका बाटलीमागे दहा लिटर रस, हा हिशेब करायला नको होता.

यंदा आटवायच्या दिवशी सकाळी आधी पाणी उकळून पाहिलं. शेवटी शेवटी झारा वर धरून बघत राहिले. थेंब थेंब न पडता कडेवरून पदरासारखं सुटलं, की झालं. गाळून पुन्हा तापवलं, काठोकाठ भरलं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बाकी सगळ्या फ्रीझरमध्ये. तिथे ते दगड होत नाही, नुसतं जड होतं. एप्रिलमध्ये कळ्या फुगल्यावर निघालेला रस मात्र आटवलाच नाही, त्याला विचित्र चव येते.

बुरशी नाही. एका घाण्याला मात्र तळाशी खडे धरलेत, चांगली खडीसाखर. मुलगा चमच्याने खरवडून खातो. मामाला फोटो पाठवला.

“आता जास्त आटवलीस,” असं उत्तर आलं.