पर्यावरण आणि इलेक्शन, दोन्ही लाईनची वकिली : माझा अनुभव

लॉ कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येतात तेव्हा हमखास विचारतात, मॅडम तुम्ही एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद, पर्यावरणाचं कोर्ट) पण करता आणि इलेक्शन पिटिशन (निवडणुकीच्या निकालाला आव्हान) पण, हे कसं काय जुळलं? जुळवलं वगैरे काही नाही. सनद मिळाल्यावर शिवाजीनगर कोर्टात एका सिव्हिलवाल्या सरांकडे ज्युनियर लागले आणि सरांकडे मुळशी, मावळ, हवेलीतली गावं यायची. सुरुवातीची वर्षं तारीख घेणं, रोजनामा बघणं, समोरच्याचा से (लेखी म्हणणं) आला का ते विचारत फिरणं, नकलेचे अर्ज टाकणं, बास एवढंच. पण ग्रामपंचायतीचे निकाल लागले की ऑफिसबाहेर चपलांचा ढीग पडायचा. कुणी चार मतांनी पडलेला, कुणाचा फॉर्म छाननीत उडालेला, कुणाला निवडून आलेल्याचं तिसरं अपत्य शोधायचंय, कुणाला त्याचं गायरानातलं अतिक्रमण.

अपत्य आणि अतिक्रमणवाल्यांना सर आधी बाजूला बसवायचे, कारण ती अपात्रतेची भानगड, ती कलेक्टरकडे चालते. निकालाला आव्हान मात्र सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनकडे, आणि ते निकालापासून 15 दिवसांत. आता माणसं हे दिवस कुठे घालवतात तर आधी गावातल्या पुढाऱ्याकडे, मग आमदाराकडे, मग तहसीलला, आणि अगदी शेवटी वकिलाकडे, तेही हात हलवत, कागद काहीच नाही. महापालिकेला तर 10च दिवस. आमदार-खासदारांची पिटिशन हायकोर्टात, तिथे 45 दिवस, आणि 46 व्या दिवशी तुमची केस कितीही सोन्यासारखी असली तरी गेली, विलंब माफीचा अर्ज तिथे चालत नाही, सुप्रीम कोर्टाने हे 1974 लाच सांगून टाकलंय.

एनजीटीत मी शिरले ती या इलेक्शनवाल्यांचंच बोट धरून. पुण्यात बेंच 2013 ला सुरू झालं, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत, महाराष्ट्र, गुजरात, गोवा सगळ्यांच्या केसेस इथे. सरपंचपदाची केस हरलेले आमचे एक पक्षकार एक दिवस आले आणि टेबलावर बिसलेरीची बाटली ठेवली, आत काळपट पाणी, वर फेस. म्हणाले, वकीलताई, आमच्या ओढ्याचं आहे, वरच्या कंपनीने सोडलंय, हा घ्या पुरावा. बाटली उघडल्यावर जो वास आला तो दुपारपर्यंत केबिनमधून गेला नाही. पण पुरावा म्हणून त्या बाटलीची किंमत शून्य. 1974 च्या पाणी कायद्यात कलम 21 आहे, त्याप्रमाणे सँपल प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या माणसाने घ्यायचं, कंपनीवाल्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर सँपलचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील, दोन्हीवर दोघांच्या सह्या, मग लॅब. यातलं एक जरी राहिलं तरी तो रिपोर्ट कोर्टात पुराव्यात येत नाही.

म्हणून मग तक्रार, पाठपुरावा, परत तक्रार असं करत एकदाचे बोर्डाचे लोक आले तेव्हा मी गावातल्या पोरांना सांगून ठेवलेलं की भांडायचं नाही, घोषणा नाहीत, फक्त उभं राहायचं आणि बघायचं. अधिकारी प्लास्टिकचा कॅन दोरीला बांधून आउटलेटला सोडत होता, दुसरा बर्फाच्या डब्यात बाटल्या लावत होता, लाखेला आच लागेना म्हणून कुणीतरी खिशातला लायटर काढून दिला, आणि कंपनीचा मॅनेजर सही करताना तीनदा चष्मा पुसत होता. पंचनाम्यावर वेळ टाकली का एवढं एकच मी विचारलं. नंतर एनजीटीत पाहणीसाठी जॉइंट कमिटी नेमली गेली तेव्हा आमच्या बाजूने सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच पंचनामा, माझं आर्ग्युमेंट पाच मिनिटांचं होतं.

एनजीटीत आणखी एक वेगळेपणा म्हणजे बेंचवर एक्सपर्ट मेंबर बसतात. माझं शिक्षण आर्ट्सचं, बीओडी सीओडी (पाणी किती घाण आहे त्याची मापं) हे मला आयसीयूमधले शब्द वाटायचे. पहिल्याच सुनावणीला प्रश्न आला की सँपल आउटलेटच्या वरच्या अंगाला पण घेतलंय का. घेतलेलं होतं, नशीब. त्यानंतर सोसायटीतल्या एका रिटायर्ड केमिस्ट्रीच्या सरांकडे रविवारी सकाळी वही घेऊन बसायला लागले, ते चहा पाजून शिकवायचे आणि वर गृहपाठ द्यायचे.

फी म्हणाल तर नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाला 1000 रुपये, आणि स्वतः उभं राहिलं तरी चालतं, वकील लागतोच असं नाही (हे सांगते म्हणून बार रूममध्ये शिव्या खाते). पण मुदत इथेही मानगुटीवर बसलेली आहेच. वाद पहिल्यांदा उद्भवला तिथून सहा महिने, वर जास्तीत जास्त 60 दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर 30 दिवस आणि वर 60. भरपाईलाच तेवढी पाच वर्षं. मंजुरी निघाल्याचं लोकांना कळतं कधी, तर साइटवर पत्रे लागतात तेव्हा!

आणि सगळंच एनजीटीत जात नाही हे पुण्यात रोज कुणाला तरी सांगावं लागतं. एनजीटी कायद्याच्या शेड्युलमध्ये सातच कायदे आहेत, पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. आपला 1975 चा झाडांचा कायदा त्यात नाही, त्यामुळे रस्तारुंदीत वडाची झाडं चाललीत म्हणून लोक फोटो घेऊन येतात त्यांना महापालिकेत हरकत घ्या आणि मग हायकोर्ट, असंच बहुतेक वेळा सांगावं लागतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं त्यानंतर तर पूररेषा म्हणजे काय हे विचारायला किती जण आले. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून. फ्लॅट घेताना हा नकाशा कुणी मागत नाही, पार्किंग किती ते मात्र सगळे विचारतात.

आता हायकोर्टाचं. कोल्हापूरला 2025 मध्ये सर्किट बेंच झालं पण पुण्याच्या केसेस मुंबईलाच राहिल्या, म्हणजे आमच्या नशिबी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन आहेच. इलेक्शन पिटिशनमध्ये केस उडते ती बहुतेक वेळा बारीक गोष्टींवर. 2000 रुपये डिपॉझिट नाही भरलं, उडाली. जितके प्रतिवादी तितक्या कॉपीज, आणि प्रत्येक कॉपीवर ती खरी प्रत असल्याची सही पिटिशनरने स्वतः करायची, वकिलाची चालत नाही. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर वेगळं फॉर्म 25 चं अॅफिडेव्हिट. आमचे एक पडलेले उमेदवार पानापानावर सही करत रात्री अकरापर्यंत माझ्या ऑफिसात बसलेले, मध्येच पेन ठेवून बोटं मोडायचे आणि म्हणायचे, मॅडम एवढ्या वेळात मी अजून एक वॉर्ड फिरलो असतो.

व्हिडिओवाले तर विचारूच नका. सगळ्यांकडे मोबाईलमध्ये क्लिप असते आणि ती लावली की केस जिंकली असं वाटतं. त्यांना मी जालन्याची केस सांगते. 2014 ची विधानसभा, अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, पडलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, मुद्दा काय तर फॉर्म दुपारी तीनची वेळ उलटल्यावर भरला, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्याच ऑफिसातलं रेकॉर्डिंग. औरंगाबाद बेंचने 2017 ला निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द जुलै 2020 ला, तोपर्यंत 2019 ची पुढची निवडणूक होऊन गेलेली. पण त्या निकालाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागणारच हे पक्कं झालं, आणि आता नव्या साक्ष्य अधिनियमात तर हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) पण टाकावी लागते. म्हणून क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, फोनच घेऊन या.

कायद्यात लिहिलंय की पिटिशन सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा. प्रयत्न!

कायद्यातल्या अशा मुदतीचं काय होतं याचा अनुभव पुणेकरांनी घरबसल्या घेतलाय. आपले खासदार गिरीश बापट मार्च 2023 मध्ये वारले, कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक हवी होती, झाली नाही, डिसेंबरमध्ये हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि आपण वर्षभराहून जास्त खासदाराशिवाय राहिलो. माझ्या आईला मी हे समजावत होते तर ती म्हणाली, असताना तरी काय कळत होतं गं.

मला विचाराल तर दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. नदी सगळ्यांची आणि मत पण सगळ्यांचं, त्यामुळे बिघडलं की चिडतात सगळे पण पोचपावती कुणाकडेच नसते. छाननीच्या दिवशी लेखी हरकत घेतली का? तोंडी घेतली. तक्रारीवर इनवर्ड नंबर आहे का? साहेबांना भेटून सांगितलेलं. निम्मं काम या उत्तरांवरच अडतं.

पैशाचं खरं सांगते, या दोन लाईनवर घर चालत नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे थेट जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच नव्हती, मग पिटिशन कुठून येणार. घर चालतं चेक बाउन्सवर आणि सोसायट्यांच्या डीम्ड कन्व्हेयन्सवर (बिल्डर जमीन नावावर करून देत नाही तेव्हा ती करून घेणं), त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि ज्यांना खरंच यात यायचंय त्यांनी थेट एनजीटीत उडी मारू नये असं माझं मत. तिथे बरंचसं काम अॅफिडेव्हिट आणि कमिटीच्या रिपोर्टवर चालतं, साक्षीदार पिंजऱ्यात क्वचितच येतो. इलेक्शन पिटिशन म्हणजे मात्र पूर्ण ट्रायल, मुद्दे निघतात, साक्षी होतात, निवडणूक अधिकाऱ्याचा उलटतपास घ्यावा लागतो आणि तो अधिकारी तुमच्यापेक्षा हँडबुक जास्त पाठ करून आलेला असतो. तेव्हा आधी तालुका कोर्टात वाटपाचे, रस्त्याचे दावे चालवा, उलटतपासाला हात बसू द्या. वडगाव, पौड, सासवड, कुठेही. एसटीने जायची तयारी ठेवा, स्टायपेंड पेट्रोलला पुरत नाही.