आमची वाटचाल : पिंपळगावचं खळं ते बनगावची बॉर्डर

नाशिकात कांदा एक्स्पोर्ट म्हटलं की लोकांना आधी मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर आठवतं, कंटेनर, दुबई, कोलंबो, मलेशिया. आम्ही पहिल्यापासून रोडने बांगलादेश केला. वडील पंचवटीत अडतीवर होते, मी पिंपळगावला खळं, म्हणजे कांदा पसरून निवडायची-भरायची जागा, घेतलं, सुरुवातीला कलकत्त्याच्या दलालामार्फत माल द्यायचो. माल जायचा, पैसे यायचे, त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. पण आपला माल पुढे कुठे जातो ते बघायला पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला गेलो आणि तिथून खरा धंदा कळला.

धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खडगपूर करत गाडी बनगावला लागते. इच्छामती नदीकाठचं गाव, पुढे आपल्या बाजूचं नाकं पेट्रापोल, पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. हे गाव आधी जेसोर जिल्ह्यात होतं, १९४७ च्या १७ ऑगस्टला फाळणीची रेषा जाहीर झाली तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण पलीकडे राहिलं आणि बनगाव इकडे आलं. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी आपण कुठल्या देशात हे तिथल्या माणसाला पक्कं माहीत नव्हतं! १९७१ ला याच जेसोर रोडने निर्वासितांचे लोंढे आले. कधीकाळी नीळ, मग सेल्युलॉइडचे कंगवे, आणि आता सगळं ट्रकवर. नदी गाळाने आणि जलपर्णीने अशी भरलीय की आपली गोदावरी बरी म्हणायची. कस्टमचे कागद करून देणारे क्लिअरिंगवाले, पैसे बदलून देणारे, पार्किंगवाले, हमाल, टायरवाले, ढाबे, सगळ्यांचं पोट थांबलेल्या गाडीवर. २०१६ ला मोठी चेकपोस्ट झाली, तरी रांग काही सुटली नाही. गाडी जेवढी उभी तेवढं गावाचं भलं आणि तेवढाच आमचा कांदा पाणी सोडणार. यात त्यांचा दोष नाही म्हणा, बॉर्डरच्या गावाला दुसरी शेती काय.

तिथे आमचे एक क्लिअरिंगवाले दादा आहेत. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला पाटीलबाबू म्हणतात, मी पाटील नाही पण नाशिकचे सगळे त्यांना पाटीलच. ते गोणी उघडत नाहीत. दाभण घालून बाहेर काढतात आणि टोक नाकाला लावतात, बस्स, आत सड आहे का ते कळतं. मीही आता खळ्यावर तसंच करतो. आमच्या गोणीला लाल सुतळीचा दुहेरी टाका असतो, बेनापोलला हमाल टाका बघूनच माल ओळखतात, हे दादांनीच मला सांगितलंय.

आता २०२०. मार्चपासून कोरोनाने बॉर्डर बंद, मे मध्ये लासलगावहून रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला कांदा गेला तेव्हा आम्ही कसंबसं त्यात थोडा माल घुसवला, जूनमध्ये गाड्या चालू झाल्या, जरा जीव आला, आणि १४ सप्टेंबरला संध्याकाळी निर्यातबंदी. आमच्या गाड्या बनगावच्या पार्किंगला, काही वाटेत खडगपूरच्या पुढे. एलसी, म्हणजे बँकेची पैशांची हमी, हातात, कागद तयार आणि गेट बंद. तिकडची सप्टेंबरची हवा माहितीये ना, ओल आणि उकाडा दोन्ही. दादांनी व्हिडिओ कॉल लावला, ताडपत्री वर केली तर खालच्या थरातून काळं पाणी गळत होतं आणि वरच्या गोणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले. काही दिवसांनी बांगलादेशसाठी २५,००० टनांची सूट आली पण तोवर आमच्या मालातला निम्मा तरी खाद झाला होता. दादांनी स्वतःची माणसं लावून रस्त्याच्या कडेला माल निवडला, बरा होता तो सियालदहच्या कोले मार्केटला मिळेल त्या भावात काढला, पार्किंगचं भाडं स्वतः भरलं. त्या वर्षी खळं गहाण पडलं, बायकोचे दागिने पण गेले. पलीकडचे आयातदार म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्तकडे वळले.

आणि याच काळात आपल्याच भागातल्या एकाने, नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील, जेसोरच्या आमच्या आयातदार पार्टीला फोन करून सांगितलं की ते बुडाले, आता माल आमच्याकडून घ्या. १ जानेवारी २०२१ ला बंदी उठली तेव्हा पहिल्या गाड्या त्याच्या लागल्या. गोणीत वर डबल पत्ती गोळा, म्हणजे मोठा चांगला कांदा, आणि पोटात बारकी गोल्टी! जेसोरच्या पार्टीने दोन हंगाम सोसलं. मग एकदा दादांच्या ऑफिसात बसून मला फोन लावला आणि म्हणाली, लाल सुतळीवाला माल पाठव. भाव विचारला नाही.

डिसेंबर २०२३ ची बंदी आली तेव्हा आमची एकही गाडी रस्त्यात नव्हती. नवीन पोरांना म्हणून सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. उन्हाळी माल कांदाचाळीतून काढला की खळ्यावर हवेशीर पसरा, मान सुकल्याशिवाय भरू नका. जूट नको, जाळीची गोणी वापरा, गाडीत मध्ये हवेला गाळा सोडा. एलसी आल्याशिवाय गाडी हलवू नका, पलीकडचा कितीही भाई म्हणाला तरी. आणि सगळा माल एका बॉर्डरला लावू नका, थोडा घोजाडांगाच्या नाक्याला, थोडा महदीपूरच्या.

मागच्या महिन्यात जेसोरला फोन करणारा तोच गृहस्थ खळ्यावर आला, चहा घेतला, पोरांची चौकशी केली आणि शेवटी दादांचा नंबर मागितला. चहा दिला. नंबर दिला नाही, देणारही नाही.