शिव्याही घालतो, बघतोही

"भाऊ, एवढ्या शिव्या घालता, मग बघता कशाला?" घरात, दुकानावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मला हे विचारतात. भुताखेतांच्या, अंतराळयानांच्या, कालप्रवासाच्या मालिका मी बघतो आणि भाग संपला की बोंबलत बसतो, हे खरं आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

भूत दाखवलं म्हणून मी कधीच चिडत नाही. दाखवा की! पण पहिल्या आठवड्यात जे भूत उंबरा ओलांडू शकत नव्हतं, ते टीआरपी घसरल्यावर थेट माजघरात कसं येतं? नियम तुम्हीच केलात ना? मग पाळा. रोजच्या मालिकेची अडचण मला कळते. आठवड्याला पाच-सहा भाग भरायचे, आणि गोष्ट कधी संपणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. मग एक दार उघडायला तीन दिवस लागतात. दार उघडलं की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा आणि मागे ढगांचा गडगडाट. तेवढ्यात माझ्या आईच्या दोन भाकरी थापून होतात.

म्हणून 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व मला आवडलं. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. २०१९ मध्ये मालिका मागे गेली आणि तेच अण्णा जिवंत समोर आले. माणूस मरणार हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत, तरी लोक रोज बघत होते. पुढे काय होणार याची उत्सुकताच नाही. कसं होणार, एवढ्यावर मालिका ओढून नेणं सोपं नाही.

वाहिन्यांवरचा राग वेगळा. अमेरिकेत २००२ साली फॉक्स वाहिनीवर 'फायरफ्लाय' ही अंतराळयानाची मालिका आली. भाग केले १४. त्यातला पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीने सगळ्यात शेवटी दाखवला, आणि तीन भाग तर दाखवलेच नाहीत. वर प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून मालिका बंद! आमच्याकडे निदान हा दोष लोडशेडिंगवर ढकलता यायचा. १९९८ मध्ये दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायचं तेव्हा एक जण घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर चढून अँटेना फिरवायचा, आणि चित्र स्वच्छ दिसायला लागलं की लाइट जायची.

आणि आनंद? तो 'डार्क'ने दिला. जर्मन मालिका, २०१७ ते २०२०, तीन पर्वं, २६ भाग. (बघायची राहिली असेल तर हा परिच्छेद सोडा.) काळात मागे-पुढे जाणाऱ्या चार कुटुंबांचा असा गुंता, की शहरातले मित्र वही-पेन घेऊन बसले होते. मी आईला नुसती गोष्ट सांगितली. शार्लटची मुलगी एलिझाबेथ हीच शार्लटची आईही आहे, असं म्हटल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मंग ती सोतानीच आजी शे ना!" बरोबर. भाऊबंदकीत कोण कोणाचं कोण, हे तोंडपाठ असलेल्या बाईला मालिकेतलं विंडेन गाव काय अवघड! आणि नियम? ३३ वर्षांचं चक्र पहिल्या पर्वात सांगितलं, ते पुढे विसरले नाहीत. अशी एक मालिका मिळाली की दहा फुकट गेलेल्यांचा राग जातो.

आता माझी जुनी मागणी. मराठी भूत कायम कोकणातच का? माड, पाऊस, कौलारू घर, झालं. आमच्या खानदेशात, चोपडा-यावलकडे या. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की माणूस बारा-एकला एकटा केळीच्या बागेत जातो. आत शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही, पानं वारा नसतानाही वाजल्यासारखी वाटतात. पिंपळावर मुंजा आहे असं आजा सांगून गेलेला, आणि सातपुड्यातून उतरलेला बिबट्या खरोखरच बांधावर असू शकतो. दोघांतलं नक्की काय वाजलं, यावरच पहिला भाग संपवा. फक्त आमच्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी घालू नका, आणि शंभर भागांच्या आत आटपा.