फलटण ते बरड, गाडीच्या सावलीत

वारीत सासवडच्या मुक्कामात रात्री तंबूत प्रवचन झालं. विषय पंचमहाभूतं. बुवांचा आवाज गोड, पाठांतर दांडगं. पण पृथ्वी म्हणजे घन, आप म्हणजे द्रव आणि हे सगळं आपल्या ऋषींना आजच्या शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं, एवढ्यावरच त्यांनी तास काढला. दिवेघाट चढून आलेली माणसं माना डोलवत होती आणि माझा संताप होत होता. ऋषींना कुणाशी शर्यत लावायची होती? तैत्तिरीय उपनिषद सांगतं की आत्म्यापासून आकाश झालं, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी, पाण्यापासून पृथ्वी. पुढच्या परंपरेनं हा क्रम इंद्रियांशी जोडला. आकाशाला फक्त शब्द. वायू ऐकूही येतो आणि अंगालाही लागतो. अग्नी त्यावर दिसतो, पाण्याला चव असते, आणि पृथ्वीला या सगळ्यांसकट गंध. कान, कातडी, डोळे, जीभ, नाक असलेल्या माणसानं आपल्या देहातून पाहिलेलं हे जग आहे. प्रयोगशाळेतल्या मूलद्रव्यांशी त्याची गाठ मारली की दोन्हीकडचं हातातून जातं. रात्रभर मी मनातल्या मनात बुवांशी भांडत होते. शेजारच्या आजी झोपेतसुद्धा विठ्ठल विठ्ठल पुटपुटत होत्या.

जेजुरीला भंडारा अंगावर आला. वाल्ह्यात वाल्मीकींचं नाव घेऊन हात जोडले. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी इतकी मागे होते की जयघोष तेवढा ऐकला. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पहाटेची उठाउठ, टँकरपुढची रांग, टाळ, ऊन, संध्याकाळी पुन्हा टँकरपुढची रांग.

फलटण सोडल्यावरची दुपार मात्र जशीच्या तशी आठवते. विडणी मागे पडली आणि डाव्या टाचेतला फोड फुटला. उजव्या चवड्याखाली दुसरा होताच. पाऊस तोंड फिरवून बसला होता, डांबर तापलं होतं, दोन्हीकडे ऊस असूनही वाऱ्याची झुळूक नाही. दिंडी पुढे गेली. सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नव्हतं, कारण न्याहारीची पंगत उठल्यावर मी तळावर पोचले होते. पावलांना लय राहावी म्हणून तैत्तिरीयातलं तेच वाक्य म्हणत चालले होते. आकाशाद्वायुः. वायोरग्निः. अग्नेरापः. आणि पुढचं येईना. वर्षानुवर्षं पाठ असलेलं वाक्य, पण पाण्याच्या पुढे जाईचना. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडलं. डोळ्यांत पाणी आलं. मागून कुणीतरी "माउली, बाजूला व्हा" म्हणून पिशवीचा धक्का देऊन गेलं, तेव्हा त्या माउलीला मोठ्यानं काहीतरी बोलावंसं वाटलं.

पिंप्रदच्या अलीकडे रस्त्याकडेला एका दिंडीचा ट्रक उभा होता. ट्रकखाली पोतं अंथरून एक माणूस पडला होता. मळकी बंडी, गळ्यात माळ, घामोळ्यानं लाल झालेला दंड खाजवत होता. मला पाहून तो कोपरावर उठला.

"माउली, थांबा. अशी चाललीस तर बरड यायच्या आत बसशील. ये खाली, सावली हाय."

एका दमात अहो आणि अगं. मी वाकून ट्रकखाली शिरले. डिझेलचा, तापलेल्या रबराचा आणि मातीचा वास. त्यानं आधी पाण्याचा कॅन पुढे केला. "पी. सावकाश. गटागटा नको." मग पाय बघितले. टोपीच्या काठातून सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक धरलं, पांढरा दोरा ओवला आणि चवड्याखालच्या फोडातून आरपार काढून दोन्ही टोकं तशीच सोडली. "दोरा ऱ्हाऊ दे. पानी त्येच्यावाटं निघून जातंय. कातडं काढायचं न्हाई." फुटलेल्या टाचेला खोबरेल आणि हळद लावून फडकं बांधलं. तोंडानं एक शब्द जास्तीचा नाही. मग फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा.

तिसऱ्या-चौथ्या घासाला पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं. अद्भ्यः पृथिवी. पृथिव्या ओषधयः. ओषधीभ्योऽन्नम्. अन्नात्पुरुषः. पाण्यापासून पृथ्वी, पृथ्वीपासून वनस्पती, वनस्पतींपासून अन्न, अन्नापासून माणूस.

छांदोग्य उपनिषदातली श्वेतकेतूची गोष्ट मी कितीदा वाचलेली. बारा वर्षं वेद शिकून ताठ मानेनं घरी आलेल्या मुलाला उद्दालक आरुणी सांगतात, 15 दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी हवं तेवढं पी, कारण प्राण पाण्याचा आहे. सोळाव्या दिवशी विचारतात, ऋचा म्हण. मुलगा म्हणतो, मला आठवत नाहीत. मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरावा तसं तुझं झालंय, जा, जेवून ये, असं बाप सांगतो. जेवल्यावर सगळं परत येतं. उद्दालकांनी मुलाला नुसतं सांगितलं नाही, त्याच्या पोटातून जाऊ दिलं. पुस्तकात वाचताना ही मला युक्ती वाटायची. त्या दुपारी कळलं की मन अन्नाचं आहे हे कळायला दुसरा रस्ताच नाही.

आणि मग रैक्व आठवले. छांदोग्यातले, गाडीखाली बसून खरूज खाजवणारे रैक्व. दानशूर राजा जानश्रुती 600 गाई, हार आणि रथ घेऊन त्यांच्याकडे शिकायला जातो आणि ते पहिल्यांदा त्याला फटकारून सगळं परत पाठवतात. नंतर जे सांगतात ते वायूबद्दल. अग्नी विझला की वायूत जातो, सूर्य मावळला की वायूत, पाणी आटलं की वायूत. मी पर्समधून पैसे काढले तेव्हा हा माणूस म्हणाला, "ठिवा त्ये. ट्रकखालची जागा मोकळीच असतीय." आणि कूस बदलून पुन्हा झोपला. मी त्याचं नाव विचारलं नाही. वारीत विचारत नाहीत. पण ट्रकमधली ताडपत्री फडफडायला लागली होती, कुठूनतरी वारा सुटला होता, आणि मी त्याच्या पायांना हात लावून रस्त्याला लागले.

बरडचा तळ सोडताना मात्र जीव जळला. मैदानभर पत्रावळ्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि चार दिशांना चार कर्ण्यांवर सिनेमाच्या चालीतले अभंग. तंबूच्या खुंट्या उपटणारी पोरं मात्र खड्डे पायानं बुजवत होती. अथर्ववेदातला ऋषी भूमीला म्हणतो, तुझं जे मी खणेन ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर घाव न बसो. ज्याला खणणं टाळता येत नाही त्याचं हे मागणं आहे. बाटल्या फेकणाऱ्यांसाठी त्याच्याकडे मंत्र नाही.

माळशिरसची समाजआरती. सगळ्या दिंड्या गोलात, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी चोप उंच केला आणि एका क्षणात सगळं थांबलं. एक दिंडी तेवढी वाजवत राहिली. त्यांची काही तक्रार होती, ती ऐकून घेतल्यावर तेही थांबले. एवढा माणसांचा समुद्र आणि दूरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गीनं याज्ञवल्क्यांना विचारलं होतं, सगळं आकाशात ओवलेलं आहे, तर आकाश कशात? भर सभेत, आधी एकदा "जास्त विचारू नकोस" असं ऐकून घेतल्यावरही ती पुन्हा उभी राहिली होती. उत्तर मिळालं, अक्षरात, म्हणजे जे कधी झिजत नाही त्यात. मला गार्गीचा फार अभिमान वाटतो. हरवलेल्या वस्तूंची यादी वाचून झाली, आरती सुरू झाली, आणि मी शेजारणीशी चहावरून भांडले.

भंडीशेगावला अखेर पाऊस आला, तोही रात्री, आणि तंबूत पाणी शिरलं. आम्ही आठ-दहा बायका एका घराच्या ओसरीवर आडोशाला उभ्या राहिलो. दार उघडलं. घरच्या बाईनं काही न विचारता आत घेतलं, पोरांना उठवून भिंतीकडे सरकवलं, चूल पेटवली. ओली लाकडं धूर करत होती, ती फुंकत होती. तैत्तिरीयातल्या भृगूनं बाप वरुणाकडून शिकताना ब्रह्म म्हणून पहिलं ओळखलं ते अन्न, आणि त्याच वल्लीत, म्हणजे प्रकरणात, शेवटाकडे एक व्रत सांगितलंय, घरी आलेल्या कुणालाही राहायला नाही म्हणू नये. भृगूला हे व्रत आनंदापर्यंत पोचल्यावर सांगितलंय, आधी नाही, याचा मी तिथे पिठलं खाताना पहिल्यांदा विचार केला. त्या बाईला सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, "अवो, जेवा आधी, गार हुतंय."

वाखरी, मग पंढरपूर. चंद्रभागेत बुडी मारली, पाणी गढूळ होतं, गर्दीत कुणाचा तरी कोपर बरगडीत बसला. पदस्पर्शाची रांग कुठवर गेली होती ते दिसतही नव्हतं. मी ठरवलं होतं, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळस बघायचा आणि एसटी धरायची. फडकं अजून टाचेला होतं.

आजी डोक्यावरची तुळस सावरत रांगेच्या शेपटाकडे निघाल्या.

"तू न्हाई येत?"

"पाय बघा की आजी."

"रांगेत कुठं पळायचंय? हुबंच ऱ्हायचंय."

मी त्यांची पिशवी घेतली आणि मागे उभी राहिले.